मुलुंडचा बिबट्या

आमची बैठी चाळ मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी होती. शेजारच्या खोलीत मालवणकडचं एक जोडपं राहायचं. आम्ही त्यांना काका-काकी म्हणायचो. संपात गिरणी सुटली तेव्हापासून काका घरीच होते. त्यांनी एक पिवळट कुत्रा पाळला होता. सकाळ-संध्याकाळ त्याला घेऊन डोंगराकडे जायचे, घराबाहेर पडायचे ते तेवढेच.

एका हिवाळ्यात बिबट्याने तो कुत्रा दारातून उचलला. मग वनखात्याने पिंजरा लावला, आत बकरी बांधली आणि काही दिवसांत बिबट्या अडकला. त्याला बोरिवलीच्या जंगलात नेऊन ठेवलंय असं कळलं. काकांचं फिरणं थांबलं. जेवायचे, पण बोलायचे नाहीत.

एका शनिवारी मला सुट्टी होती. काकी दारात येऊन म्हणाल्या, "बोरिवलीक येतंस? तो वाघ बघूचो हा." मालवणी माणूस बिबट्यालाही वाघच म्हणतो. काकांनी यायला नकार दिला. आम्ही दोघीच ठाण्यावरून एसटीने घोडबंदरच्या रस्त्याने गेलो.

जंगलात बरंच आत पिंजरे होते. पकडून आणलेली, जखमी झालेली जनावरं तिथे ठेवत. पहारेकऱ्याने काकींचं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला आत सोडलं.

"मुलुंडचो खयचो?" काकींनी विचारलं.

"ते नाही सांगता येणार, मावशी. मी आत्ताच बदलून आलोय. हे तीन बाहेरून आणलेले. त्या टोकाच्या मादीची पिल्लं मात्र इथेच झालेली."

तिघांपैकी एक पाठ करून झोपला होता. दुसरा गजांच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्याचा कान फाटलेला होता, तो बसून आमच्याकडे बघत होता. काकी प्रत्येकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, शिव्या देतील किंवा रडतील. दोन्ही केलं नाही.

"हा असा का फिरतो?" मी विचारलं.

"भूक लागली असेल. शनिवारी यांना खायला देत नाहीत. आठवड्यातून एक दिवस पोटाला विश्रांती."

"ह्येंचोय शनवार?" काकी म्हणाल्या. त्यांचाही मारुतीचा उपास होता. पहारेकरी हसला, काकी हसल्या नाहीत. बाहेर कट्ट्यावर त्यांनी डबा उघडून अर्धी साबुदाण्याची खिचडी मला दिली.

"कुठला असेल हो त्यातला?"

"काय म्हायत. माका सगळे सारखेच दिसले."

घरी आलो तेव्हा काका उंबऱ्यात बसले होते.

"गावलो?"

"गावलो. कान फाटलोहा तेचो," काकी पाय धुता धुता म्हणाल्या.

"खावक देतत?"

"देतत. आज उपास होतो."

"पिंजरो केवढो?"

"आपल्या खोलयेएवढो."

थोड्या दिवसांनी काका कुणाला न सांगता एकटेच बोरिवलीला जाऊन आले. संध्याकाळी काकींना म्हणाले, "कानफाटको तो न्हय. झोपलेलो, तो." काकी भाकऱ्या थापत राहिल्या.

पावसाळ्यानंतर काकांना जवळच्याच एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली. कुत्रा त्यांनी पुन्हा पाळला नाही. आम्ही पुढे नाहूरला राहायला गेलो.