बिनआवाजाच्या गावाला

गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीत राजपाल सरवदेची कुत्री मरता मरता वाचली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत कुणीतरी फटाक्यांची लड लावली आणि बुंदी पलंगाखाली ताठ झाली. तोंडाला फेस, डोळे फिरलेले. क्षमानं, राजपालच्या बायकोनं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. राजपालनं दाराखिडक्यांना गोधड्या लावल्या. पण अख्खं तेरखेडा वाजत होतं, गोधड्यांनी काय होणार? दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि म्हणाले, "हृदय कमजोर झालंय हिचं. पुढं असा झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मी त्यांच्या शेजारीच राहतो. आमच्या गावात निम्म्या घरांची चूल फटाक्यांवर पेटते. राजपालचीही त्यावरच पेटायची. पिकअपमध्ये पेट्या भरून तो लातूर, नांदेड, परभणीपर्यंत पोचवायचा. बुंदी तेव्हा केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसायची, खिडकीतून तोंड बाहेर काढून. अंगावर पिवळे-तांबूस ठिपके, म्हणून बुंदी. मग त्या दिवाळीआधी एका उन्हाळ्यात माळावरचं फटाक्यांचं एक शेड उडालं. माणसं झाडाखाली जेवायला बसली होती म्हणून वाचली. बुंदी मात्र सावलीला म्हणून त्याच शेडच्या भिंतीला टेकून झोपली होती. पाठ भाजली ती भरून आली, पण आवाजाची भीती गेली नाही. पिकअप धुऊन धुऊन पुसली तरी तिला फटाक्याच्या दारूचा वास यायचा. जवळ नेली की पाय रोवून बसायची. गावातली पोरं हसायची, फटाकेवाल्याचं कुत्रं फटाक्याला भितंय म्हणून. राजपालही त्यांच्याबरोबर हसायचा, पण ते हसू ओठांपुरतंच असायचं.

पुढची दिवाळी जवळ आली तसा तो झोपेना. क्षमाची धाकटी बहीण पौर्णिमा तिकडं अकोटच्या पुढं, मेळघाटाच्या पायथ्याशी एका खेड्यात आरोग्यसेविका आहे. ती फोनवर म्हणाली, "दाजी, इथं कुणी फटाके वाजवत नाही. जंगल लागून आहे, गावानंच ठरवलंय. घेऊन या तिला."

राजपाल ज्याचा माल पोचवायचा त्या धुळाप्पाला त्यानं हे सांगितलं. धुळाप्पाचा आधी विश्वासच बसेना.

"ऐन दिवाळीत? कुत्र्यापायी? राजपाल, म्या तुझ्या जागी दुसरा माणूस घेतला तर मग बोलू नको."

"न्हाय बोलत," राजपाल म्हणाला.

क्षमाही चिडली होती. "समद्या वर्षाचं काम या दिवसांत असतंय. तुमी कुत्रं घेऊन गावाला चालला." पण वसुबारसेच्या पहाटे राजपाल माझी जुनी ओमनी न्यायला आला, तेव्हा क्षमा त्याच्या मागं उभी होती. हातात भाकरीचं गठुडं, खांद्यावर बुंदीची चादर. "गाडी चालवायची का कुत्रीला धरायचं?" ती मला म्हणाली. "एकट्याचं काम हाय का ते?"

डॉक्टरांनी गुंगीची गोळी दिली होती. ती दुधातून पाजून त्यांनी बुंदीला मागच्या सीटवर घातलं, क्षमा तिच्याशेजारी बसली, आणि गाडी हायवेला लागली. मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. बीड मागं पडलं. राजपालला वाटलं, दिवाळीचा दंगा सुरू व्हायच्या आत आपण पोचतो.

गेवराईत गाडी गर्दीत अडकली. पुढं एका नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. फेट्यातली माणसं, सनई, आणि रस्त्यावर दुकानाच्या पायरीपासून दुभाजकापर्यंत अंथरलेली लांबलचक तांबडी लड. एकजण उदबत्ती घेऊन वाकलेला. मागं ट्रक, पुढं माणसं, गाडी हलायला जागा नाही. राजपालनं दार उघडलं आणि पळत सुटला. लडीच्या टोकावर पाय देऊन उभाच राहिला.

"ओ, पाय काढा! येडे का काय?"

"गाडीत आजारी हाय," राजपाल हात जोडून म्हणाला. "आवाजानं जीव जाईल. आमची गाडी तेवढी जाऊ द्या. मग खुशाल लावा."

कुणीतरी विचारलं, आजारी कोण? राजपालला खोटं सुचलं नाही. कुत्री म्हटल्यावर जोरात हशा झाला. एकानं त्याची कॉलर धरली. उदबत्तीवाला मात्र गाडीजवळ आला, काचेतून आत बघितलं. क्षमानं बुंदीचे दोन्ही कान तळहातांनी दाबून धरले होते. तो माणूस वळला आणि ओरडला, "गाडी काढा आधी! मागं सरा रे!" त्यांची ओमनी शहागडच्या रस्त्याला लागली तरी मागं लड वाजली नव्हती. खूप पुढं गेल्यावर बारीक तडतड ऐकू आली. बुंदीनं कान हलवला आणि परत डोळे मिटले.

जालना ओलांडून देऊळगाव राजाच्या अलीकडं चाक बसलं. ऊन डोक्यावर आलेलं. राजपाल जॅक लावत होता. गाडी तापली म्हणून क्षमानं बाजूचं दार सरकवलं आणि बुंदीला पाणी पाजायला लागली. पट्टा तिनं मनगटाला गुंडाळला होता. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या एका ट्रकचं टायर फुटलं.

राजपाल सांगतो, "माझ्याच छातीत फुटल्यागत झालं."

बुंदीनं हिसका दिला. क्षमा दारातून खाली पडली, थोडी फरपटली, आणि पट्टा सुटला. बुंदी रस्त्यात शिरली. एक जीप करकचून थांबली, मागच्या टेम्पोनं कशीबशी वाट काढली. पलीकडं पोचलेली बुंदी मोसंबीच्या बागेकडं दिसली आणि नाहीशी झाली.

दोघं हाका मारत धावले. बागेत नव्हती. कपाशीत नव्हती. राजपाल वाकून वाकून सऱ्या बघत होता, प्रत्येक वेळी वाटायचं, आता पडलेली दिसणार. शेवटी क्षमाला रस्त्याखालच्या नळकांडी पुलाशी पट्ट्याची वादी दिसली. अरुंद सिमेंटचा पाईप, आत अंधार, ओला चिखल. अगदी मधोमध बुंदी.

"हलती का?" क्षमानं विचारलं.

"दिसंना."

राजपाल पोटावर आडवा झाला आणि आत सरकला. वरून ट्रक गेला की पाईप गुरगुरायचा. हात पुरला तेव्हा बुंदीचं अंग ताठ लागलं. तोंडाला फेस होता. त्यानं तिला ओढायला हात घातला तर ती कडकडून चावली. दात मनगटात रुतले आणि तिनं सोडलंच नाही. राजपालनं हात काढला नाही. तसाच पडून राहिला आणि तिच्याशी बोलत राहिला. काय बोललो ते आठवत नाही म्हणतो. क्षमाला आठवतं. तो परभणीच्या रस्त्यावरची गावं सांगत होता, येरमाळा, कळंब, केज, जुन्या फेरीत यायची तशी, एकामागून एक.

बाहेर क्षमा पाईपच्या तोंडाशी बसून होती. तिला बोलावंसं वाटत होतं, पण आवाजाचीच धास्ती बसली होती. बऱ्याच वेळानं राजपालचे पाय मागं सरकायला लागले. तो चिखलानं माखून बाहेर आला, बुंदीला छातीशी धरून. ती धापा टाकत होती, पण धापा टाकत होती म्हणजे जिवंत होती. क्षमा रडायला लागली आणि रडता रडताच पदर फाडून नवऱ्याचं मनगट बांधू लागली.

"कुत्र्यापायी काम बुडतंय म्हनलं होतं म्या," ती म्हणाली. "हात जाऊ द्यायचा व्हता का?"

"तिचे दात हायेत," राजपाल म्हणाला. "इंजेक्शन झालेलं हाय तिचं."

तरी चिखलीच्या दवाखान्यात क्षमानं त्याला उतरवलंच. त्यानं जखम धुऊन घेतली, सुई टोचून घेतली, तोवर ती गाडीच्या काचा वर करून बुंदीला वारा घालत बसली. खामगाव, शेगाव, अकोट. दिवस मावळायच्या आत ते पौर्णिमाच्या दारात होते. गाव खरंच शांत होतं. दारोदार पणत्या, आणि मागं डोंगराची काळी रेघ. बुंदी अंगणात उतरली, वास घेतला, मातीत आडवी झाली. पौर्णिमानं भात कालवला. राजपालला वाटलं, झालं एकदाचं.

अंधार पडला आणि शेताकडून धडाड असा आवाज आला.

बुंदी चुलीमागं घुसली. पौर्णिमानं धावत जाऊन दार लावलं. "दाजी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. फटाके नाहीत, पण रानडुकरं हाकलायला पाईप फोडतात, त्यात कार्बाईड घालून बार उडवतात. मला इतकी सवय झाली, आता ऐकूच येत नाही."

बुंदीला गोळी देऊन, कानांत कापूस घालून त्यांनी ती रात्र कशीबशी काढली. उजाडताच राजपाल शेतात गेला. पाईप फोडणारा कोंडीराम म्हातारा होता, बांधावर काठी टेकून बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, तुमचं दुःख समजते. पण डुकरं पेरलेला हरभरा उकरून खातेत. एक रात्र पाईप नाही वाजवला त सकाळी शेतात काहीच राह्यत नाही. तुमीच सांगा, मी काय करू?"

राजपालनं वावर या बांधापासून त्या बांधापर्यंत नजरेनं मोजलं. मग म्हणाला, "बाबा, तुमी झोपा. आमी जाऊ तोवर राखण म्या करतो. पाईप ठेवून द्या."

"तुमी? डुक्कर अंगावर येते, भाऊ. पोट फाडते."

"येऊ द्या."

कोंडीरामनं त्याच्या बांधलेल्या मनगटाकडं बघितलं. "एक रात्र पाहू," म्हणाला.

ती दिवाळी राजपालनं परक्या माणसाच्या वावरात ओरडून काढली. हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा. डबा फक्त पार पलीकडच्या बांधावर गेल्यावर वाजवायचा, एरवी नुसता घसा. एकदा सुळे बाहेर आलेला नर समोर येऊन थांबला. राजपाल बॅटरी त्याच्या डोळ्यांवर धरून उभा राहिला. शेवटी डुक्करच वळलं. शेजारच्या शेतकऱ्यांना कोंडीरामनंच समजावलं. एकजण ऐकेना, तेव्हा पौर्णिमा त्याच्या घरी गेली. तिनं त्याच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं. त्यानंही पाईप उचलून आत ठेवला. भाऊबीजेपर्यंत राजपालचा घसा इतका बसला होता, की क्षमाकडं तो हातवाऱ्यानं चहा मागायचा. बुंदी अंगणात चालायला लागली होती.

तुळशीची लग्नं उरकल्यावर ते परत आले. माझी ओमनी चिखलानं भरलेली, दाराचा रंग खरवडलेला.

धुळाप्पानं म्हटल्याप्रमाणं दुसरा माणूस घेतला होता. राजपाल आता सोलापूरच्या बाजारात टोमॅटो पोचवतो. मी एकदा विचारलं, "फटाके कायमचे सोडले म्हणायचे?"

"सोडलं कुठं? बोलवलं न्हाय कुणी," तो म्हणाला. "बोलवलं असतं तर गेलो असतो. खोटं कशाला सांगू?"

बुंदी आहे. थकली आहे. लग्नसराईत फटाके वाजवणारे येतात तेव्हा राजपाल बऱ्याचदा बाजारात असतो. म्हणून उन्हाळ्यात क्षमा माझ्याकडून गाडी शिकली. पहिल्यांदा माझं कुंपण पाडलं, दुसऱ्यांदा गिअर अडकवला. परवा गल्लीत वरात येणार होती. दुपारीच ती चावी न्यायला आली, बुंदीला मागं बसवलं, आणि येडशीच्या जंगलाकडं निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "जेवायला वाट बघू नका म्हणावं त्यांना."