फ्लायव्हीलवरचा लाल रंग
खंडेनवमीला ऑइलपेंटचा डबा उघडला, की मला एका जागी बसवत नाही. लग्नानंतरची ती पहिलीच खंडेनवमी. सासऱ्यांच्या जुन्या ट्रकला दुसरं इंजिन बसवायचं चाललं होतं. मिस्त्रींनी त्याचं फ्लायव्हीलचं जड चाक तोलून, ते कसं जुळवून बसवायचं याची बॅलन्सची खूण ठोकली आणि धुवायला आमच्या अंगणात पाठवलं. पूजेला लोखंड गंजकं कसं ठेवायचं, म्हणून मी ते घासून लालभडक रंगवलं. दोन दिवसांनी पाथरी रोडच्या गॅरेजात मी सासऱ्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले, तर मिस्त्रींना खूण सापडत नव्हती. त्यांनी अंदाजानं चाक बसवलं, इंजिन चालू केलं आणि वर पाण्याचा ग्लास ठेवला. ग्लास थरथरत कडेला सरकला आणि खाली पडला. पुन्हा खोललं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी रंग खरवडला आणि खूण निघाली. “हे रंगवायची अक्कल कुनाची हाय?” ते ओरडले. सासऱ्यांनी माझ्या बांगड्यांवरचे लाल ठिपके पाहिले. “माझीच,” ते म्हणाले. खूण जुळवल्यावर ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही. आज पुन्हा खंडेनवमी आहे, सासरे ओट्यावर बसलेत आणि “मामा, ते मीच रंगवलं होतं,” एवढंच सांगायला मी सकाळपासून आत-बाहेर करतेय.