मागच्या बाकावरचे पाळक

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या की नवख्या माणसाला वाटावं, आपण चुकून दवाखान्याच्या ओपीडीत येऊन बसलोय. मिरजेत दवाखान्यांना काही तोटा नाही, आणि आमच्यातली निम्मी माणसं त्यातच नोकरीला. कुणाच्या दिराची बायपास, कुणाच्या मावशीचं डायलिसिस, कुणाच्या जावयाचा एमआरआय. एकीनं गुडघा सांगितला की दुसरी दोन्ही गुडघे सांगणार. मी शाळेत शिकवणारी बाई, जिभेला हाड नसलेली. शेजारणीच्या कानाशी लागून मी म्हणायचे, "आता फक्त एक्स-रे फिरवायचे राहिलेत." ती मला चिमटा काढायची.

पण आमचे पाळक उभे राहून त्या सगळ्या विनंत्या प्रार्थनेत घेऊ लागले की माझीही थट्टा बंद व्हायची. माणूस कोरेगावकडच्या खेड्यातला, आवाज भरदार. हातात चिठ्ठी नाही, चपाटी नाही, पण एकेकाचं दुखणं ते देवापुढे असं मांडायचे की ज्याचं त्याला भरून यायचं. प्रवचनात डुलक्या काढणारेसुद्धा प्रार्थनेला जागे व्हायचे. आमची मंडळी लहान, चर्च म्हणजे वस्तीतला एक लांबट हॉल, तरी सांगलीहून माणसं यायची ती या प्रार्थनेसाठी.

एका रविवारी त्यांनी प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, साताऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात असलेल्या आमच्या एका तरुणाला सोडव. त्याच्या विधवा आईला धीर दे. दिवसभर ती दुसऱ्यांची आजारपणं काढते आणि घरी येऊन एकटी रडते." हॉल अगदी चिडीचूप झाला आणि मग भलंमोठं 'आमेन' झालं.

नाव त्यांनी घेतलं नव्हतं. घ्यायची गरज काय होती? नर्स, विधवा, आणि मुलगा साताऱ्याला, अशी आमच्यात एकच बाई होती. तिला सगळे सिस्टरच म्हणतात. मुलाला साताऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलंय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काय ते तिनं फक्त पाळकांना सांगितलं होतं, त्यांच्या घरी बसून, दार लावून.

ती माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिनं मान वळवली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, पर्स उचलली आणि उपासना चालू असतानाच बाहेर पडली. मी तिच्या मागे गेले. गेटपाशी रिक्षाला हात करता करता ती म्हणाली, "बाई, माझं दुखणं असतं तर मीच उभं राहून सांगितलं असतं की. हे माझं नव्हतं, त्याचं होतं. त्यानं बरं होऊन ताठ मानेनं यावं म्हणून मी सगळ्यांशी खोटं बोलत होते."

पुढे झालं ते असं. आमच्यातलाच एक जण त्या आठवड्यात कामाला म्हणून साताऱ्याला गेला, केंद्रात जाऊन मुलाला भेटला आणि अगदी चांगल्या मनानं म्हणाला, "रविवारी तुझ्यासाठी लय भारी प्रार्थना झाली बघ." मुलानं आईला फोन केला. उपचार पुरे करतो, पण मिरजेला आता येणार नाही, तिथनंच पुण्याला जातो, म्हणाला. तिला हा एकच मुलगा. तो बरा व्हावा आणि घरी यावा, या एवढ्याच गोष्टीसाठी ती बाई जगत होती. आता तो बरा झाला तरी घरी येणार नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी आमच्या पंच कमिटीवर आहे, तेव्हा बोलायचा हक्कही होता. पाळक मी पुष्कळ पाहिलेत. त्यातली काही खरंच देवमाणसं होती. काहींना मात्र चूक दाखवली की पुढच्या रविवारचं प्रवचन आपल्यावरच बेतलेलं असायचं. हे कोणत्या जातीचे निघतात ते बघूच, म्हणून शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेले.

पाळकबाईंनी दार उघडलं, सलाम केला आणि चहा ठेवायला वळल्या. मी म्हटलं, "चहा नको, मी भांडायला आलेय."

"भांडा की," त्या म्हणाल्या. "पण ते सकाळपास्नं स्वतःशीच भांडायला लागलेत. तुमचा नंबर कवा लागंल, सांगता येत न्हाई."

पाळक बाहेर आले. सिस्टरकडे ते जाऊन आले होते. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, त्यांची माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, झालं असेल तर निघा, मला ड्युटीला जायचंय. हे सांगून ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

त्यांचा चेहरा बघून माझा राग निम्मा झाला होता. मीच त्यांना वाट काढून द्यायला गेले. म्हटलं, "तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत."

"न्हाई बाई," ते म्हणाले. "मुद्दाम न्हाई, पण नकळतबी न्हाई. बोलता बोलताच मला कळलं हुतं, ही गोष्ट आत ठिवायची हाय. पण सगळी मंडळी लय शांत झाली हुती. माझ्या तोंडाकडं कान लावून बसली हुती. ते मला आवडलं. म्हणून बोललो."

चूक झाली म्हणणारी माणसं भेटतात. चूक करताना आपल्याला गोड काय लागलं, हे सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चहा आला तो मी मुकाट्यानं प्यायले.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. कुणाच्या हातून दुसऱ्याचं उघड नुकसान झालं तर त्याला शिस्तीखाली ठेवतात. त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या आठवणीत भाकर वाटून खातात त्या प्रभुभोजनाचं ताट फिरलं की भाकरीला हात लावायचा नाही. ज्याचं नुकसान झालं तो समेट झाला म्हणेपर्यंत हे चालतं. सख्ख्या भावाला कोर्टात खेचणाऱ्या एका पंचाला आमच्या पाळकांनीच तिथं बसवलं होतं. आता पंचांच्या बैठकीत ते म्हणाले, "मलाबी तितंच बसवा. प्रार्थनाबी मी चालवणार न्हाई."

आमच्यातले सर्वांत वडील पंच म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ते उसळलेच. "आवं पाळकसाहेब, ऑफिसरला कवा कुणी क्वार्टर गार्डच्या कोठडीत बसवलंय व्हय? पलटणीनं कुणाकडं बघायचं मग?"

"ऑफिसर बसत नसंल तर शिपायानं का बसावं?" पाळक म्हणाले.

सुभेदारांनी मिशीला हात लावला. मग कुणीतरी मधला मार्ग सुचवला. येत्या रविवारी उभं राहून दोन शब्दांत दिलगिरी सांगा, बाकाचं राहू द्या. पाळक म्हणाले, "त्या माउलीला इचारल्याबिगर मी एक शब्द बोलणार न्हाई. एकदा न इचारता बोललो, तेवढं बास."

म्हणून विचारायला मी गेले. सिस्टर युनिफॉर्मला इस्त्री करत होती. इस्त्री न थांबवता तिनं सांगितलं, "माझं नाव नको. मुलाचा विषयसुद्धा नको. त्यांनी काय केलं, तेवढंच सांगू देत. आणि रडायचं नाही म्हणावं. ते रडले की लोक त्यांचेच डोळे पुसायला धावतील."

मी हे जसंच्या तसं पोचवलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगलीच्या एका मंडळीचे पाळक प्रभुभोजन द्यायला आले होते. आमचे पाळक व्यासपीठावर चढलेच नाहीत. खाली, बाकांच्या पातळीवर उभे राहिले आणि म्हणाले, "मला ठेवायला दिलेली गोष्ट मी ठेवली नाही. विश्वासानं सांगितलेलं मी प्रार्थनेत बोललो, कारण ते बोलताना तुम्ही माझं ऐकत होता. प्रार्थना देवाशी करायची असते. मी ती तुम्हाला ऐकवत होतो. याबद्दल पंचांनी मला शिस्तीखाली ठेवलंय आणि ते योग्य आहे." डोळे कोरडे ठेवले त्यांनी. मग ते बाकांच्या मधून चालत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले.

त्या दिवशी भाकरीचं ताट फिरवायची पाळी माझी होती. मागच्या बाकाशी आले. इतकी वर्षं ज्या हातांनी भाकर मोडून आम्हाला दिली होती, त्या हातांनी ताट घेतलं आणि तसंच शेजाऱ्याकडे सरकवलं. देव आहे, असं मी लहानपणापासून म्हणत आलेय. पण तो इथं आत्ता बघतोय, असं मला आयुष्यात एवढं स्पष्ट कधी वाटलं नव्हतं. सिस्टर आली होती. भिंतीकडेला बसून तिनं हे सगळं पाहिलं आणि कुणाशी न बोलता ती निघून गेली.

असं काही महिने चाललं. काही घरं नाराज होऊन दुसऱ्या मंडळीत जायला लागली. शिस्तीखालचा पाळक म्हणजे काय शोभा, म्हणाली. पाळक दवाखान्यात आजाऱ्यांना भेटत, मयतीला उभे राहत, आणि रविवारी मागं जाऊन बसत. मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याच दिवसांत त्यांच्याकडे मन मोकळं करायला येणारी माणसं वाढली. पाळकबाई म्हणायच्या, चहाची पावडर पुरत नाही. ताठ मानेचे आमचे सुभेदारसुद्धा एकदा त्या घरातून डोळे पुसत बाहेर पडताना मी पाहिले, आणि काय झालं ते विचारायचा मोह माझ्यासारखीनं आवरला.

सिस्टर सुट्टीच्या दिवशी साताऱ्याची गाडी धरून मुलाला भेटायला जायची. एका खेपेला तिनं त्याला मागच्या बाकाचं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "पाळक मागं बसत्यात? कायबी सांगू नकोस," म्हणाला. पण पुढच्या प्रत्येक फोनवर तो तेवढंच विचारायचा, अजून मागंच बसतात का. ती म्हणायची, अजून मागंच.

उपचार संपले आणि तो रविवारी सकाळी मिरजेला उतरला, पुण्याला न जाता. आईबरोबर चर्चमध्ये आला तेव्हा विनंत्या सुरू व्हायच्या होत्या. अंगानं भरला होता, केस नीट कापलेले. सगळ्यांनी त्याला पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. सांगलीहून आलेल्या पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाची काही विनंती?

त्या दिवशी कुणाचा गुडघा दुखला नाही. तो पोरगा उभा राहिला. आईनं त्याची बाही ओढली, त्यानं ती हळूच सोडवून घेतली.

"माझी एक विनंती हाय," तो म्हणाला. "त्या मागच्या बाकावर एक जण बसलेत. त्यांनी आता पुढं यावं, अशी माझी आणि आईची इच्छा हाय. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची हाय, मोठ्यानं, नाव घिऊन. पण त्यांचं नाव घेतलं तर चालंल का, ते आधी त्यांना इचारा."

सगळी मंडळी मागं वळली. पाळक उभे राहिले. त्या दिवशी त्यांना रडू नका म्हणणारं कुणी नव्हतं.

"चालंल, बाळा," ते म्हणाले. "घे."