काश्यप गोत्र, मुक्काम स्कारबरो

एकाने म्हणून विश्वास ठेवला नाही माझ्यावर! पोटच्या पोराने नाही, सुनेने नाही, आणि त्या चर्चमधल्या माणसांनी तर नाहीच नाही. आता चहाला बसलाच आहात तर ऐका, आणि तुम्हीच सांगा माझं काय चुकलं. एका रविवारी मी आमची सहा धडधाकट माणसं मारून टाकली, हे खरं आहे. पण मारायचा हेतू नव्हता हो!

थांबा, कप खाली ठेवू नका. पहिल्यापासून सांगते.

आमचे मालक गेले आणि पोरगा सचिन मला इकडे कॅनडात, स्कारबरोला घेऊन आला. तो रात्रपाळीला गोदामात, दिवसा झोपतो. सून पल्लवी औषधाच्या दुकानात, संध्याकाळी येते ती मान मोडून. पोरं गुणाची आहेत, तक्रार नाही. पण दिवसभर माझ्याशी बोलायला कोण? फ्रीज! तोही मधेच घुर्रर्र करतो आणि गप्प बसतो. गावाकडे मी दळण घेऊन निघाले, की दोघींचं भांडण मिटवून आणि तिसरीशी नवं काढून घरी यायची. इथे लिफ्टमध्ये माणूस दिसला की मला भरून येतं. तो माणूस आपला मोबाइलमध्ये बघतो.

एकच मैत्रीण मिळाली. डोरोथी. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. ऐंशीच्या पुढची, एकटी. तळघरातल्या लाँड्रीत भेटलो. मशीन अडलं होतं, मी त्याला लाथ घातली, ते सुरू झालं, आणि मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जमलंच की आमचं! मी चौथी शिकलेली, माझं इंग्रजी मूठभर. तिला ऐकू कमी येतं. त्यामुळे आमच्यात कधी गैरसमज झाला नाही.

एकदा मी सचिनचे शर्ट घडी घालत होते. म्हटलं, "सन. माय सन."

तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माय सन, केविन. कॅल्गरी." मग फोन धरतात तसा हात कानाला लावला आणि मान हलवली. "नो फोन. नेव्हर."

आता हे कळायला काय इंग्रजी लागतं? मी केविनला आमच्याकडची एक ठेवणीतली शिवी दिली. तिला अर्थ कळला नाही, पण आवडली.

हे ध्यानात ठेवा. केविन जिवंत. लांबच्या शहरात, कॅल्गरीत. फोन करत नाही. पुढे कामाला येणार आहे.

तर एक दिवस डोरोथी म्हणाली, "सू, संडे, चर्च, कम." सुमनची तिने सू केली आहे. सचिन म्हणाला, "जा की आई, चार माणसांत बसशील." पल्लवीने माहिती पुरवली, "अँग्लिकन चर्च आहे ते. अमेरिकेत त्यालाच एपिस्कोपल म्हणतात." मी म्हटलं, "आत देव आहे ना? मग झालं." इरकली नेसले, वरून सचिनचं जाकीट चढवलं, आणि निघाले. दारात सवयीने बूट काढले. डोरोथी घाबरून माझ्या मोज्यांकडे बघायला लागली. मी तिच्या बुटांकडे. देवाच्या दारात पायताणं घालून जायचं म्हणजे काय!

आत इतकं शांत, की माझा अंबाडा हललेला मला ऐकू येत होता. घंटा नाही, पोरांचा कालवा नाही, रेटारेटी नाही. मोजकी म्हातारी माणसं, लांब लांब बाकांवर एकेक. देवळात आम्ही कसं, देवाला गदागदा हलवतो. ही माणसं देव झोपला असावा असं बसतात. आणि पुजारी कोण? बाई! हेलन नाव. आमच्या गावच्या देवळात मला गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी करतात. मी बसल्या जागी तिला हात जोडले.

हेलनबाईंनी बरंच काही म्हटलं. मला 'गॉड' आणि 'आमेन' कळलं. मग त्या थांबल्या, आणि माणसं एकेक करून हळूच नावं घ्यायला लागली. पुढचा म्हातारा म्हणाला, "मार्गारेट." मागून कुणी म्हणालं, "रॉबर्ट." आणि माझ्या शेजारी डोरोथी म्हणाली, "केविन."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संकल्प!

अभिषेकाला बसलं की गुरुजी नाही का विचारत, कुणाच्या नावाने? आणि आपण घरातल्या सगळ्यांची नावं सांगतो, सुखी ठेव म्हणून? तेच हे! नाहीतर ती जिवंत पोराचं नाव कशाला घेईल? मला इतका आनंद झाला, की मी उभीच राहिले. गुरुजींनी शिकवलंय, गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगावं. खणखणीत आवाजात सुरू केलं, "काश्यप गोत्र! सचिन! पल्लवी! बाळासाहेब! मंगल! विलास!" मुलगा, सून, दीर, जाऊ, भाऊ. नणंदेशी अडकले. शालनशी माझं बोलणं नाही. पण म्हटलं, देवाच्या दारात हात आखडायचा नाही. "शालन!"

आणि काय सांगू, माझा बांध फुटला. किती महिन्यांत ही नावं मी मोठ्याने घेतली नव्हती! घरात हाक मारायची सोय नाही, एक झोपलेला असतो, एक कामावर. मी ढसाढसा रडले. पुढच्या म्हाताऱ्याने त्याचा रुमाल दिला. हेलनबाई पुस्तक ठेवून खाली आल्या आणि त्यांनी मला कुशीत घेतलं. सगळं चर्च रडत होतं. मनात म्हटलं, काय माया आहे! आमच्या देवळात संकल्प सांगितला तर गुरुजी फक्त "पुढे सरका" म्हणतात.

सोमवारपासून माणसं यायला लागली.

माणसं! माझ्याकडे! कुणी सूप आणतंय, कुणी भाताचं काही, कुणी फुलं. यायची, माझा हात हातात घेऊन बसायची, डोळे पुसायची. मी चहा टाकायला उठले की म्हणायची, "नो, नो, यू सिट." मी आपली हसून, "सचिन स्लीपिंग, सचिन स्लीपिंग," असं आतल्या खोलीकडे हात करून सांगायची, आवाज करू नका म्हणून. तशी त्यांना आणखीच हुंदके फुटायचे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, परक्या घरून शिजवलेलं येतं, आलेला माणूस चहा घेत नाही, हे आपल्याकडे कधी होतं? मयताच्या घरी होतं! मला ते सुचू नये? नाही सुचलं. माणसं येत होती ना. ती कशाला येताहेत हे विचारायची मला शुद्धच नव्हती.

गुरुवारी हेलनबाई, डोरोथी आणि अजून एक आजी पास्त्याचं भलंमोठं भांडं घेऊन आल्या. पल्लवी नुकतीच कामावरून आली होती, मी बाथरूममध्ये. बेल वाजली. सचिनने बनियनवर, डोळे चोळत दार उघडलं.

हेलनबाईंनी विचारलं, आपण कोण?

"सचिन."

आजींनी जी किंकाळी फोडली! भांडं दणकन खाली. गालिच्यावर पास्ता, पास्त्यावर आजी. मागून पल्लवी धावली, "काय झालं? मी पल्लवी." आजींनी तिच्याकडे बघितलं आणि परत डोळे मिटले.

मग काय, घरातच कोर्ट बसलं. हेलनबाईंनी रविवारची सगळी हकिकत सांगितली, सचिन दुभाष्या.

"आई, तिथे मेलेल्यांची नावं घ्यायची होती! तू मला मारलंस?"

"मला तर दुसऱ्याच नंबरला!" पल्लवी म्हणाली. "मुद्दाम केलंत, आई."

"मुद्दाम? अगं, मला काय माहीत? या डोरोथीने नाही का केविनचं नाव घेतलं? तो जिवंत आहे की कॅल्गरीत!"

सचिनने ते हेलनबाईंना सांगितलं. त्यांनी हळूच मान हलवली. केविन वारला आहे, त्या म्हणाल्या, सगळ्या चर्चला माहीत आहे.

"आई, तुझा समजण्यात घोटाळा झालाय."

"घोटाळा तुझ्या बापाचा! मला हिने स्वतः सांगितलंय!"

मी डोरोथीकडे बघितलं. ती खाली सांडलेल्या पास्त्याकडे बघत होती.  मान काही वर करेना.

आयुष्यात मी भांडण अर्ध्यावर सोडलेलं नाही. त्या दिवशी सोडलं. म्हटलं, "असेल बाबा. माझंच चुकलं असेल."

सगळे गेले. घरात परत फ्रीज आणि मी. सचिनने हा पराक्रम घरच्या ग्रुपवर टाकला, तसा सांगलीहून शालनचा फोन आला, किती दिवसांनी! "वहिनी, मला का मारलंस गं?" भांडत भांडत तासभर बोललो. बरं वाटलं.

शनिवारी डोरोथी खाली आली, एकटीच. पल्लवीला म्हणाली, सूला सांग. केविन आहे. कॅल्गरीत आहे. भांडून गेला, फोन करत नाही. लोक दर रविवारी विचारायचे, केविन कसा आहे? काय सांगणार? एकदा सांगून टाकलं, गेला. मग कुणी विचारलं नाही.

"आणि मी घरादाराची नावं घेतली, तेव्हा मला का नाही अडवलंस?" मी विचारलं.

पल्लवी सांगता सांगता थांबली. मग म्हणाली, "आई, त्यांना वाटलं, तुम्हीही त्यांच्यासारख्याच. घरातले सगळे जिवंत, आणि कुणीच बोलत नाही."

 मी उठून चहा टाकला. या खेपेला कुणी नको म्हणालं नाही.

चहा पिताना डोरोथीने विचारलं, गोत्र कशाला सांगायचं? मी म्हटलं, जगात इतके सचिन, देवाने नेमका माझा कसा शोधायचा? ती म्हणाली, आमच्या देवाला सगळं आधीच माहीत असतं. म्हटलं, मग नावं कशाला सांगता? ती इतकी हसली, की बशीत चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी सचिनने आम्हाला गाडीतून चर्चला नेलं, आणि आत येऊन बसलासुद्धा. मेल्यापासून पोरगा सुधारलाय. हेलनबाईंनी लांबून मला हाताने खूण केली, आधी जिवंतांची. मी तोंडावर पदर धरला, उगाच कुणी दगावायला नको. आणि शेजारून आवाज आला, "केविन." सगळं चर्च वळून बघायला लागलं. डोरोथीने मान खाली घातली नाही.

मग हेलनबाईंनी दुसरी खूण केली. आता गेलेल्यांची. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या दिवशी मी सहा जिवंत माणसं मारली, आणि खरा गेलेला तेवढा राहून गेला होता. उखाण्याशिवाय त्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. घेतलं. "दिनकर." या वेळी हळूच.

परत येताना गाडीत सचिन म्हणाला, "आई, एक सांग. एवढा गोंधळ झाला, शेवटी चूक कुणाची?" तेच त्याने डोरोथीलाही इंग्रजीत विचारलं.

मी डोरोथीकडे बोट केलं. बघते तर तिचं बोट माझ्याकडे! त्या पोराला आमचं काय चाललंय ते कळेना. मग डोरोथीने बोट खाली घेतलं, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघितलं, आणि मी शिकवलं होतं तसं, खणखणीत आवाजात म्हणाली,

"काश्यप गोत्र. केविन."