आईच्या फोटोतले डोळे

बारीकराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगानं काडी आणि कामात कीस काढणारा, म्हणून ते मीच ठेवलं. आमच्या स्टुडिओत फोटो मी काढायचो आणि चेहरे तो सुधारायचा. मी बटण दाबून मोकळा व्हायचो. हा त्याच चेहऱ्यावर मान मोडून बसायचा. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं, मालक कावलेला, आणि याचं आपलं एकेका पापणीशी चाललेलं.

त्याची पद्धत ठरलेली होती. संगणकावर मूळ फोटोवर त्याचीच एक प्रत ठेवायची, ती सगळी धारदार करायची आणि काळ्या मास्कनं झाकून टाकायची. मग पांढऱ्या ब्रशनं हवं तेवढंच उघडायचं. बुबुळं, पापण्या, ओठांची कड, कपाळावरचे केस. गालांना हात लावायचा नाही.

"सगळंच धारदार केलं की माणूस दगडात कोरल्यासारखा दिसतो," तो म्हणायचा. "डोळे तेवढे उघडायचे. माणूस डोळ्यांवरून ओळखू येतो."

"अरे, ओळखपत्राचा फोटो आहे. तो बघणार कोण?"

"त्याची आई बघेल की," तो म्हणायचा.

त्याच्या स्वतःच्या आईला विसरण्याचा आजार जडला. हाताशी एक बरा फोटो असावा म्हणून एकदा तो तिला स्टुडिओत घेऊन आला. हिरवा स्वेटर घातलेली म्हातारी स्टुलावर बसली आणि हळूच मला म्हणाली, "मला घेऊन आले ते गृहस्थ भले आहेत हो. त्यांना घरी सोडा आता, त्यांची आई वाट बघत असेल."

गृहस्थ शेजारीच उभा होता. तो हसला. ते हसू मला बघवलं नाही.

फोटोत तिची नजर माझ्याकडे होती, पण कशावरच ठरलेली नव्हती. तिच्या डोळ्यांत कुणीच नव्हतं, दुसरं काय सांगू? बारीकरावानं त्या दिवशी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. संध्याकाळी त्यानं मला बोलावलं. पडद्यावरची म्हातारी थेट बघत होती, 'आलास का रे, जेवलास का' असं आता विचारेल अशी. बुबुळांची कड त्यानं गडद केली होती, आणि कुठूनसा एक चमकता ठिपकाही आणला होता. फोटो त्यानं घरी पलंगासमोर लावला. त्याची बायको म्हणाली, "आई हल्ली अशा कुठे बघतात?"

"बघायची," एवढंच तो म्हणाला.

आणि एका दुपारी, बायको गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, म्हातारी दार उघडून निघून गेली.

पोलिसांत वर्दी दिली, दवाखाने पालथे घातले. बेपत्ताची पत्रकं त्यानं स्वतःच तयार केली. फोटो अर्थातच तो, पलंगासमोरचा. आम्ही गावभर हिंडून पत्रकं चिकटवली. बस स्टँडवर, औषधांच्या दुकानांवर, धोब्याच्या दारावर. जो तो फोटो निरखून बघायचा आणि मान हलवायचा. बारीकराव आधीच काडी, आता तर नुसता सदराच चालत असल्यासारखा दिसायला लागला.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, हे डोळे आईंचे नाहीत."

"माझ्या आईचेच आहेत!" तो ओरडला. आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग तो स्टुडिओत आला, फाइल उघडली आणि वरची प्रत बंद केली. पडद्यावर मी काढलेली म्हातारी परत आली. त्यानं प्रिंट काढली आणि आम्ही निघालो.

बस स्टँडवर तिकीट खिडकीतल्या बाईनं नवा फोटो हातात घेतला मात्र, म्हणाली, "अहो, या आजी? या तर इथंच बाकावर बसल्या होत्या! मी पाणी दिलं त्यांना."

बाकाच्या वर भिंतीवर आमचंच पत्रक होतं.

"मग कळवलं का नाही?" मी जवळजवळ अंगावरच गेलो.

बाई गोंधळली. पत्रकाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या वेगळ्या ना? त्या बघा कशा बघतायत. या आजींना तर समोरचं माणूसही दिसत नव्हतं. कुठं जायचंय विचारलं, तर म्हणाल्या मुलाकडे. मग कुठल्यातरी गाडीत चढल्या. कुठल्या ते नाही बघितलं हो, गर्दी होती."

तिथून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या मार्गांवर आम्ही नंतर महिनोन् महिने फिरलो. म्हातारी सापडली नाही.

पण त्या दिवशी बारीकराव बाकावर चढून ते पत्रक नखांनी खरवडायला लागला. खळ त्यानंच लावलेली, कागद कसला निघतोय! हनुवटी फाटली, स्वेटर फाटला, डोळे काही निघेनात. मी त्याला दंडाला धरून खाली ओढलं.

"तिनं मला ओळखावं, एवढंच वाटत होतं रे," तो म्हणाला, आणि भर स्टँडवर लहान मुलासारखा रडायला लागला.