लिंबाखालचे गोळे

मुरुमच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागलो तेव्हा माझ्याकडं दोन गोष्टी होत्या, वनस्पतिशास्त्राची पदवी आणि तापट डोकं. दोन्हींचा गावाला फारसा उपयोग नव्हता. नुकताच महाराष्ट्र झाला होता, पण शाळेचं कपाट निजामाच्या काळातलंच होतं आणि त्यात एक पितळी सूक्ष्मदर्शक कुलपात पडून होता. वस्तू वापरली की बिघडते असं हेडमास्तरांचं ठाम मत. तीन महिने भांडून मी त्या कपाटाची किल्ली मिळवली.

गावाबाहेर नाल्याच्या पलीकडं एक तकिया होता, म्हणजे फकिराची जागा. चुना लावलेली एक कबर, जुनाट कडुलिंबाचं झाड आणि भोवती अर्धा-पाऊण एकर मोकळी जमीन. आजूबाजूची सगळी रानं दरसाल नांगरली जायची, पण या जमिनीला कित्येक पिढ्यांत फाळ लागला नव्हता. तिथल्या झोपडीत एक म्हातारे राखणदार एकटेच राहायचे. त्यांना अख्खं गाव मामू म्हणायचं, मीही म्हणायचो. मामू बोलायचे कमी आणि चहा मात्र न विचारता ठेवायचे, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन तिकडंच जायचो.

श्रावणात एकदा असाच लिंबाखाली जेवत बसलो होतो. समोर एक मुंगूस माती उकरत होतं. माझी चाहूल लागताच ते पळालं आणि मागं अर्धवट कुरतडलेला, मोठ्या सुपारीएवढा एक गोळा राहिला. कसला तरी कंद असेल म्हणून मी चाकूनं कापला आणि हातातला घास हातातच राहिला. आत पांढरा गर, त्यात नागमोडी बारीक पोकळ्या. मूळ नाही, देठ नाही, छत्री नाही. ही अळंबी होती, पण कधीच वर न येणारी, जन्मभर जमिनीखाली राहणारी. अशी अळंबी असते हे मी पुस्तकात दोन ओळींत वाचलं होतं, तीही परदेशातली म्हणून. मुरुमच्या लिंबाखाली ती निघावी, हे मला कितीतरी वेळ खरंच वाटेना.

आणखी तीन गोळे उकरून मी स्पिरिटात घातले आणि पुण्याच्या माझ्या प्राध्यापकांना पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ही अळंबी आजवरच्या कुठल्याच वर्णनात बसत नाही, असं सरांनी लिहिलं होतं. मी ते वाक्य उभ्यानंच चार वेळा वाचलं. पण पुढं लिहिलं होतं की गोळे कच्चे आहेत, आत बीजाणू धरलेले नाहीत. बीजाणूंचा आकार आणि त्यांच्यावरची नक्षी दाखवल्याशिवाय जात नवी आहे असं कुणी मानणार नाही. पिकलेला गोळा पाठवा, आणि तोवर कुठं बोलू नका, दुसरं कुणी आधी छापून मोकळं होईल.

झालं. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. आडगावच्या मास्तरच्या नशिबात नवी जात शोधणं कुठून येणार, आणि इथं ती माझ्या डब्याशेजारी उगवत होती. पाऊस संपून जमीन वाळायच्या आत एक पिकलेला गोळा, एवढंच मला हवं होतं. शाळा सुटली की मी तकियात जायचो. हातात लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसायची, वर काढायची आणि टोकाचा वास घ्यायचा, कारण पिकलेल्या गोळ्याला उग्र वास येतो असं सरांनी कळवलं होतं. जिथं शंका येईल तिथं लाल चिंधी बांधलेली काडी रोवायची आणि वीतभर खणून बघायचं. असे गोळे वरच्यावरच असतात अशी माझी समजूत होती. निघायचे ते सगळे कच्चे.

सळई हुंगणारा माणूस लोकांना कसा दिसत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. बाजारात कुणी विचारलं तर मी सांगायचो, सरकारसाठी मातीचे नमुने घेतोय. मामूंनी मात्र एका रविवारी चहाचा कप पुढं करत अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "मास्तर, ह्या गोळ्याचं काय करताव?"

मी उकिडवा बसून घामाघूम झालो होतो. सकाळपासून नऊ कच्चे गोळे निघाले होते. मी वैतागून म्हणालो, "खाली काय आहे ते यावरून कळतं, मामू."

"खाली पुरलेलं बी?"

"सगळं कळतं," मी म्हणालो आणि पुन्हा खणायला लागलो. त्यांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

सहामाही परीक्षेमुळं पुढचे पाच-सहा दिवस मला जाता आलं नाही. सुट्टी लागली त्या दिवशी सकाळी मी सळई घेऊन गेलो आणि नाल्याच्या काठावरच थबकलो. लिंबाखालची सगळी जमीन उलटी झाली होती. गुडघ्याएवढे, काही तर कमरेएवढे खड्डे. माझ्या लाल चिंध्यांच्या काड्या मातीच्या ढिगांत मोडून पडल्या होत्या. कापलेली मुळं वर आली होती आणि गोळ्यांचे तुकडे जिकडंतिकडं, वाळून काळे पडलेले. साऱ्या जगात ही अळंबी मला ठाऊक होती ती एवढ्याच जागी. मी तिथंच मातीत बसलो.

मग राग आला, आणि माझा राग म्हणजे काही विचारू नका. गुप्तधनवाल्यांचं काम, दुसरं काय! त्या काळी ते वेड तालुकाभर होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पळापळीत हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही भांडीकुंडी, डागडागिने जमिनीत पुरले होते. कुणी परत येऊन काढले, कुणी परत आलेच नाहीत. मामू झोपडीच्या दारात बसले होते. मी त्यांच्यावरच सुटलो.

"राखणदार ना तुम्ही? अख्खी जमीन लोकांनी खणून नेली आणि तुम्ही डोळे मिटून बसलात? कोण होते ते? नावं सांगा!"

मामूंनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि चिंध्यांतून रक्त आलं होतं.

"दुसरं कोन न्हाय, मास्तर. म्याच खणलं."

सत्तरीचा माणूस. पाण्याची घागर भरून आणताना दोनदा टेकायचे.

मग ते सांगत गेले, माझ्याकडं न बघता. त्या पळापळीत गाव सोडायच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोनं तांब्याची एक डेगची तकियाच्याच जमिनीत कुठंतरी पुरली होती. आत तिचा लच्छा, म्हणजे निकाहात गळ्यात घातलेली काळ्या मण्यांची पोत, आणि मेलेल्या लेकीचं झबलं. मामू त्या वेळी गाडी बघायला गेले होते. जागा कुठली ते नंतर सांगते म्हणाली आणि वाटेतच तापानं गेली. मामू एकटे परत आले. तेव्हापासून त्या जमिनीवर बसून होते, पण कुदळ कधी लावली नव्हती, कारण कुठं लावायची तेच माहीत नव्हतं.

"तुमी सळई हुंगायलाव, म्या रोज बघायलो. मला वाटलं, तांब्याचा वास घ्यायलाव. मग तुमीच बोललाव, गोळ्यावरून खालचं कळतंय. मला इचारायची लाज वाटली बगा. म्हनलं, गोळा जिकडं जाईल तिकडं आपन जावं. एक गोळा घावला की त्याच्या खाली आनिक खणायचं. लई खोल गेलो. पर न्हाय घावलं."

मला तोंडावर कुणी मारल्यासारखं झालं. माझ्या तोंडून वैतागात गेलेलं एक वाक्य, आणि या माणसानं त्याच्या मागं सहा दिवस हातांची सालटी काढली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "मामू, मी खोटं बोललो. गोळ्यावरून काही कळत नाही. ती नुसती अळंबी आहे."

त्यांनी मान हलवली. "न्हाय मास्तर. मला वाईट वाटू नये म्हनून तुमी आसं म्हनायलाव."

मी शपथ घेतली. त्यांना ते पटलं नाही. उलट आत जाऊन त्यांनी एका फडक्यात बांधलेले सात-आठ गोळे आणले. "हे सगळ्यात खालचे. तुमाला लागतात म्हनून बाजूला ठिवलंव."

फडकं सोडताच उग्र वास आला. मी एक गोळा कापला. आतून पार काळपट तपकिरी. तो पिकलेला होता. पिकलेले गोळे हातभर खोल होते आणि मी महिनाभर वीतभरच खणत बसलो होतो! आनंद झाला असं म्हणावं तर तोंड वर करून मामूंकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले, गोल, अंगभर काटे असलेले. सरांनी मापं घेतली, रिवाजाप्रमाणं लॅटिनमध्ये वर्णन लिहिलं. आढळाचं ठिकाण मी लिहून पाठवलं होतं, मुरुमजवळ, कधीही न खणलेल्या जमिनीत. ते लिहिताना मला माझीच शरम वाटली.

खड्डे आम्ही दोघांनी मिळून बुजवले. दिवाळीच्या सुट्टीत मी उरलेल्या सगळ्या जमिनीत सळई खुपसली, या वेळी मामूंच्या डेगचीसाठी, आणि टण्ण असा आवाज येतो का ते ऐकत राहिलो. दगडच लागले. पुढच्या श्रावणात लिंबाखाली एकही गोळा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आमची अळंबी छापून आलेला शास्त्रीय नियतकालिकाचा अंक हातात आला तेव्हा तो घेऊन मी तकियात गेलो. मामूंनी चित्रावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हंजे तुमचं घावलं?"

"घावलं, मामू. तुमच्यामुळं घावलं."

"बरं झालं." त्यांनी अंक नीट मिटून माझ्या हातात दिला आणि लिंबाकडं बघत म्हणाले, "तिनं मातर लई खोल पुरलंय बगा."