मावशीचं नाक आणि शनिवारची शेगडी

आमच्या गल्लीत अशी आवई आहे की, वाईनच्या दुकानानं माझ्या मावशीच्या नाकाचा विमा उतरवलाय. इस्त्रीवाला तर छातीठोकपणे सांगतो, "फुटबॉलवाल्यांच्या पायांचा असतो ना, तस्सा! नुसती शिंक आली तरी भरपाई मिळते म्हणे." पार्लरवाली त्याच्याही पुढची. मावशी म्हणे बूच न काढता बाटली नाकाशी धरते आणि द्राक्षं डोंगराच्या कुठल्या अंगाला पिकली ते सांगते.

सगळं खोटं. विमा नाही, आणि गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून नाकही नाही. म्हणजे आहे जागेवर, चष्मा टेकवायला उपयोगी पडतं. पण वासाच्या नावानं ठणठणाट.

मावशी आमच्याच घरी राहते आणि मुळात एका जागी न बसणारी बाई आहे. जेवताना तीनदा उठेल, झोपताना दोनदा. पण वास गेला तशी तिच्या पायांना भिंगरीच लागली. उठल्यापासून हुंगत सुटायची. साबण हुंग, कॉफीचा डबा हुंग, फिनेल हुंग, बाल्कनीतल्या ओल्या कपड्यांत तोंड खुपस. एकदा माझ्या खेळाच्या बुटात नाक घालून ती हळहळली, "काही नाही गं. काहीच नाही." त्या बुटांपायी शेजारच्यांच्या मांजरानं आमच्या दारावरून जाणं सोडलं होतं.

दुकानात ह्यातलं कुणालाच माहीत नव्हतं. तिथं नाक म्हणजेच नोकरी. दुकानाच्या मागे एक थंडगार खोली आहे. नवा माल आला की पहिली बाटली तिथं उघडायची, मावशीनं वास घ्यायचा, मान हलवायची, मगच मालक पेट्या उतरवून घेणार. त्या खोलीची किल्ली तिला कित्येक वर्षांच्या उमेदवारीनंतर मिळालेली. गुपित फुटलं तर किल्ली जाणार, आणि किल्लीमागोमाग कदाचित सगळंच.

मालकांना प्रत्येक वाक्याआधी घसा सुरू करावा लागतो, थंडीत मोटारसायकल सुरू करतात तसा. "ख्रर्र, ख्रर्र, ख्हं... बाई, काय म्हणतंय आपलं नाक?" आपलं! जसं काही दोघांत मिळून एकच घेतलंय.

मग मावशी काम चालवायची कशी? जिभेवर. ते मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं.

दर शनिवारी संध्याकाळी दुकानामागच्या अंगणात शेगडी पेटते. सॉसेज, मटणाच्या फासळ्या, बर्गर, कणसं, कांदे, सगळं जाळीवर भाजून कागदी बशीत. मावशीनं बशीकडे बघायचं आणि कुठली रेड वाईन घ्या ते सांगायचं. आईची शनिवारी दुसरी पाळी असते, म्हणून माझं रात्रीचं जेवण तिथंच. तर अशा एका शनिवारच्या आधी मावशीनं चहापत्ती उकळून उकळून डांबर केलं. दूध नाही, साखर नाही.

"घोट घे. गिळायचं नाही, तोंडात फिरव."

"ई! मावशी, जिभेवर गोणपाट अंथरलं!"

"शाब्बास. हा तुरटपणा. दांडग्या रेड वाईनचं तेच हत्यार. तुला वाईन देता येत नाही म्हणून चहा. आता हे खा."

हे म्हणजे गॅसच्या जाळीवर भाजलेली चरबीदार फासळी. ओठांपासून टाळ्यापर्यंत तूप माखल्यासारखं झालं. वर पुन्हा त्याच चहाचा घोट, आणि काय नवल, चहा गुळगुळीत!

"गोणपाट कुठं गेलं?"

"चरबीनं गिळलं," मावशी म्हणाली. "आणि चहानं चरबी धुतली. दोघांचं भांडण, तुझा फायदा. आता ह्याच्यावर झणझणीत मिरचीचा सॉस घाल आणि परत पी, म्हणजे तोंडात आग लागेल. तिखटाला तुरट चालत नाही, तिथं फळाळ, हलकी वाईन. ह्या सगळ्यात नाक लागलं का कुठं? सांग, लागलं?"

ती मला विचारत नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. उत्तर न ऐकताच ती उठून ओटा पुसायला लागली. तो आधीच दोनदा पुसून झाला होता.

पण एका ठिकाणी जीभ दगा देते. कधीकधी बूचच खराब निघतं आणि सगळी बाटली कुबट होते. चवीला ती नुसती मुकी लागते, बोंब मारते ती नाकात. पूर्वी मावशी अशी बाटली चार पावलांवरून पकडायची. त्या शनिवारी तिनं ती स्वतःच्या हातानं ओतली. समोर गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा, मुलं-सुना घेऊन आलेले.

आजोबांनी पेला उचलला आणि परत ठेवला. "बाई, ह्यात भिजलेलं कुत्रं बसलंय का?"

सगळं टेबल हसलं. मावशीनं घोट घेतला, थुंकला. "जरा बुजलीय. हवा लागली की मोकळी होईल."

मालक आले. त्यांना पेला नाकापर्यंत न्यावासुद्धा लागला नाही. "ख्रर्र... बाई, हे तुमच्या नाकाखालून गेलं?"

"सर्दी झालीय मालक."

"मग सांगायचं नाही का! आपलं नाक ते!"

बाटली बदलली, आजोबा खूश झाले. शेगडीवाल्यानं मात्र चिमट्यातलं सॉसेज तसंच धरून मावशीकडे पाहिलं. त्याला बहुतेक आधीच संशय होता. त्याचे कांदे करपून कोळसा झाले तरी ती शेजारी उभी राहून गप्पा मारायची, पूर्वी लांबून ओरडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात गस्त सुरू झाली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. वाटेत पडदा सरळ कर, उशी उलटी कर. आई म्हणाली, "अगं ताई, बस घटकाभर, फरशी झिजेल."

मला नकला करायची खोड, राहवलं नाही. मी मावशीच्या आवाजात म्हणाले, "सर्दी झालीय मालक."

मावशी जागच्या जागी थांबली. "मी अशी बोलले?"

"अश्शी. 'मालक'वर आवाज चिरकला. वर्गात वही विसरलेली मुलं तशी बोलतात."

ती चक्क खुर्चीत बसली. हात मांडीवर, मांडी हलतेय. "परत म्हण."

मी परत म्हटलं. आई मला डोळ्यांनी दटावत होती, पण मावशीनंच फर्माईश केल्यावर मी काय करणार?

"सांगून टाकते," मावशी म्हणाली. "ह्या शनिवारी."

"तू? तू नाही सांगणार. सर्दीचा खोकला होईल, खोकल्याचा दमा होईल, पण सांगणार नाहीस."

"पैज?"

"पैज! हरलीस तर मालकांसमोर मी मालकांची नक्कल करणार आणि तू शेजारी उभी राहून टाळ्या वाजवायच्या."

"आणि मी जिंकले तर आठवडाभर तू कुणाचीही नक्कल करायची नाही. ना सरांची, ना इस्त्रीवाल्याची, ना माझी."

"मी मावशीच्या बाजूनं," आई म्हणाली. "निदान आठवडाभर घरात माणसं मोजकी राहतील."

मला जिंकायची खात्री होती. ज्याचा आवाज तसा चिरकतो तो माणूस खरं बोलत नाही, मी असे आवाज पुष्कळ जमवलेत. शनिवारी बर्गर घेऊन मी मुद्दाम जवळची जागा धरली.

अंगण भरलेलं. मावशी टेबलांमधून नुसती पळत होती, नको तिथले पेले उचलत होती. मालक एका जोडप्याला घेऊन आले. बाईंच्या कानात झुंबरं. "ख्रर्र... ह्या आमच्या बाई. ह्यांनी हुंगलं की बाटलीला घाम फुटतो. सांगा बाई, ह्यात काय काय येतंय?" आणि पेला पुढे केला.

मावशीनं पेला घेतला. सवयीनं डोळे मिटून नाकाशी नेला. मी मनात 'सर्दी'चा 'स' म्हटला.

"काही नाही येत," मावशी म्हणाली.

"म्हणजे? वाईन बिघडलीय?"

"वाईन ठीक असेल. मी बिघडलेय. हिवाळ्यात ताप आला तेव्हापासून मला वास येत नाही. गेल्या शनिवारी सर्दी नव्हती मालक, मी खोटं बोलले."

'मालक'वर आवाज चिरकला नाही. तिथंच माझा निकाल लागला.

मालकांनी तोंड उघडलं, पण मोटारसायकल सुरूच होईना. शेवटी झुंबरवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, मग आम्ही फासळ्यांबरोबर काय घ्यायचं?"

"ते सांगते. आधी घास खा, चरबीसकट. मग जिभेला आवळेल अशी देते."

देऊन झाल्यावर मालकांनी तिला रिकाम्या पेट्यांपाशी बोलावलं. माझे कान लांब आहेत.

"आधी बोलायचं होतं."

"घाबरले."

"नवा माल आता तुमच्याकडे नाही देता येणार, बाई."

"माहीत आहे." जुडग्यातून किल्ली तिनं स्वतःच सोडवली. कडी घट्ट होती, नख मोडलं. "आणि शनिवार?"

मालकांनी किल्ली खिशात टाकली. "शनिवार राहू द्या. बाटली उघडून मी हुंगणार, पुढचं तुम्ही बघा."

मावशी परत आली तेव्हा शेगडीवाल्यानं तिच्यापुढे बशी धरली. "ताई, ही घ्या. जरा करपलीय हं."

"दिसतंय. नाक गेलंय, डोळे नाही गेले."

तो हसला. ती हसली नाही, पण फासळी हाडापर्यंत खाल्ली, उभ्याउभ्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

परतताना बसमध्ये ती नुसतं जुडगं खिशातून काढायची, बघायची, परत ठेवायची. तेवढ्यात कंडक्टर बोलला. "पुऽऽढं व्हा, हिक्, पुऽऽढं!" गंजलेल्या बिजागरीला उचकी लागावी तसा आवाज. असलं रत्न नशिबानंच हाती लागतं. माझी जीभ सळसळली.

मावशीनं कोपर मारलं. "ऐकतेयस ना?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"उचकी 'व्हा'नंतर येते गं. बरोब्बर."

"मावशी, गप बस."

"मी कुठं काय म्हणाले?" असं म्हणून तिनं स्वतःच कंडक्टरची नक्कल केली. इतकी भिकार की पुढच्या सीटवरची बाई दचकून सरकली. उचकी चुकीच्या जागी, 'पुढं' आखूड, आवाज तर बेडकाचा. आणि आठवडाभर मला ती दुरुस्तसुद्धा करून दाखवता येणार नव्हती.